शर्यतीचा घोडा आणि आमचा हौशा

घोड्यांच्या शर्यतीशी तुमचा-माझा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. खरेच आहे. मुंबईचे महालक्ष्मीचे किंवा पुण्याचे रेसकोर्स आपण फार तर एस. टी.च्या खिडकीतून पाहिलेले. तिथे धावणाऱ्या एका घोड्याच्या किमतीत आपल्याकडे विहीर, मोटार आणि वर घरावर स्लॅब होईल. तरीही आज मी तुम्हाला शर्यतीच्या घोड्याच्या पायाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. त्या पायाने मला जे शिकवले, ते मला बाराव्या वर्षीच कळायला हवे होते. कळले नाही, आणि त्याचे भोग आमच्या गोठ्यातल्या एका बैलाच्या वाट्याला आले.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, कोरडवाहू. आण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, खिल्लार बैलांची एक जोडी होती. हौशा आणि नवश्या. मी सातवीत जाणार होतो त्या वर्षी, रोहिण्यांत कुळवणी चालली असताना हौशाचा पुढचा उजवा पाय बांधाच्या घळीत अडकला. त्याने हिसका देऊन तो सोडवला आणि तसाच काम करीत राहिला. संध्याकाळी दावणीला बांधला तेव्हा गुडघ्याच्या खाली, पायाच्या मागच्या बाजूला चांगलीच सूज आलेली. दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना.

गावातल्या एका जाणत्या माणसाने विळा तापवून सुजेवर आडवे डाग दिले. डाग दिल्याशिवाय शीर जाग्यावर बसत नाही, अशी सगळ्यांचीच समजूत होती. कासरा मी धरला होता. केस आणि कातडे जळल्याचा तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. त्यानंतर हौशाची वैरण, पाणी आणि त्याला सकाळ-संध्याकाळ विहिरीपर्यंत हिंडवून आणणे हे काम माझ्याकडे आले.

मृग लागला. पाऊस झाला. वाफसा आला. तो काही कोणासाठी थांबत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाराव्या दिवशी सकाळी आण्णा गोठ्याच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "लंगडतोय का रं आता?"

मी नुकताच त्याला विहिरीवरून आणला होता. तो सरळ चालत होता. पण त्या पायाला हात लावला की दुसऱ्या पायापेक्षा गरम लागत होता, आणि मागची शीर दाबली की हौशा पाय ओढून घेत होता. हे मला ठाऊक होते. पण शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते, आणि हौशा गोठ्यात बसून आहे तोवर मीही गोठ्यातच राहणार, हेही मला ठाऊक होते.

"न्हाई लंगडत," मी म्हणालो.

ते खोटे नव्हते. आज सांगायचे आहे ते हेच.

दोन दिवस पाभर नीट चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी, वरच्या रानात वळण घेताना हौशा एकदम खचला. खुराच्या वरचा सांधा जवळजवळ जमिनीला टेकला होता. आण्णांनी जू काढले, पाय हातात घेऊन पाहिला आणि काही न बोलता बांधावर बसून राहिले. उरलेली पेरणी सावडीने झाली. बेंदराला आईने हौशाच्या शिंगांना हिंगूळ लावला, पुरणपोळी खाऊ घातली, पण मिरवणुकीत नवश्या एकटाच गेला. दिवाळीनंतरच्या बाजारात हौशा विकला. कोणाला विकला आणि पुढे त्याचे काय झाले, हे आण्णांनी घरात कोणाला सांगितले नाही. रिवाजाप्रमाणे कासरा तेवढा परत आणला आणि खुंटीला अडकवला. मला ते कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पुढे मी बी. एस्सी. ॲग्रीसाठी पुण्याला आलो. पुण्यात घोड्यांच्या शर्यती पावसाळ्यात होतात आणि मुंबईत हिवाळ्यात. आमच्या ओळखीचा एक मुलगा पशुवैद्यकीचे शिक्षण संपवून एका तबेल्यावर मदतनीस म्हणून लागला होता. त्याच्याबरोबर मी एकदा तबेला पाहायला गेलो. तिथे चार वर्षांचा एक तांबूस घोडा होता. अंगावर हात ठेवला तर घसरावा अशी कातडी. मोतद्दार त्याच्या पुढच्या पायावर नळीने गार पाण्याची धार सोडत बसला होता. मी वाकून पाहिले आणि जागच्या जागी थबकलो. गुडघ्याच्या खाली, पायाच्या मागच्या बाजूला, धनुष्यासारखा बाहेर आलेला फुगवटा. जागा तीच, सूजही तीच. फक्त डाग नव्हते.

"हा आता पळणार नाही," मित्र म्हणाला. "चौथ्या वर्षी पेन्शन."

मी म्हणालो, "पण हा तर लंगडत नाही."

त्यावर तो मोतद्दारच बोलला. म्हातारा माणूस, सगळी हयात घोड्यांत गेलेली. म्हणाला, "दुखणं गेलं की घोड्याला वाटतं आपण बरे झालो. तो पळायला मागतो. त्याला कळत नाही, साहेब. आपल्याला कळायला पाहिजे."

त्या रात्री मला झोप आली नाही.

आता यामागचे शास्त्र सांगतो. घोड्याच्या काय किंवा बैलाच्या काय, पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली मांस जवळजवळ नसतेच. तिथे हाड आणि कातडे यांच्यामध्ये असतात त्या कंडरा. आपण त्यांना शिरा म्हणतो, पण त्यांतून रक्त वाहत नाही. वरच्या मांसाला खालच्या हाडाशी बांधणारे ते दोर आहेत. वाखाचा दोर जसा शेकडो धाग्यांच्या पिळाने बनतो, तशी कंडरा हजारो बारीक तंतूंची बनलेली असते. शर्यतीचा घोडा साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा असतो आणि ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावतो. नुसता उभा असतानाच त्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. भरधाव दौडीत तर एका क्षणी एकाच पायावर त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. तेव्हा मागची कंडरा आपल्या लांबीच्या दहा टक्क्यांहून अधिक ताणली जाते. ती तुटण्याची हद्द तिथून फार दूर नसते. शिवाय सारखी ताणून-आकसून ती आतून तापते. दौडणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात ४५ अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता मोजली गेली आहे.

दोर एकदम तुटत नाही, आधी आतले दोन-चार धागे तुटतात. वरून दोर शाबूत दिसतो, आपण त्यावर मोटेचे ओझे टाकतो आणि मग एके दिवशी तो जातो. कंडरेचे तसेच आहे. आतले तंतू तुटले की सूज येते, जागा गरम होते, जनावर लंगडते. आठ-पंधरा दिवसांत सूज ओसरते, दुखणे थांबते आणि जनावर सरळ चालू लागते. पण तुटलेले तंतू तेवढ्यात जुळलेले नसतात. कंडरेला रक्ताचा पुरवठा कमी, म्हणून ती भरून यायला महिनेच्या महिने लागतात. शर्यतीच्या घोड्याला पुन्हा दौडायला लावण्याआधी नऊ महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही अधिक थांबावे लागते. एवढे करूनही जे भरून येते ते मूळचे नसते, ती जोडाची गाठ असते. ती आधीइतकी लवचिक नसते, म्हणून पुष्कळ घोड्यांचा तोच पाय पुन्हा जातो. हाड मोडले तर नीट सांधून पुष्कळदा पहिल्यासारखे होते. कंडरा पहिल्यासारखी होत नाही.

याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. 'आय'ल हॅव अनदर' म्हणजे 'मी आणखी एक घेईन' असे गमतीचे नाव असलेला एक घोडा होता. वर्षाचा असताना तो अवघ्या ११ हजार डॉलरला विकला गेला होता. त्या धंद्यात ही किंमत म्हणजे मातीमोल. तोच घोडा २०१२ च्या मे महिन्यात केंटकी डर्बी जिंकला आणि दोन आठवड्यांनी प्रीकनेस ही दुसरी मोठी शर्यतही जिंकला. ९ जूनला तिसरी, बेलमाँटची शर्यत होती. एकाच वर्षी या तिन्ही शर्यती जिंकणारा घोडा अमेरिकेने १९७८ नंतर पाहिला नव्हता. सगळ्या देशाचे डोळे त्याच्याकडे लागले होते.

शर्यतीच्या दोन दिवस आधी दुपारी त्याच्या पुढच्या डाव्या पायावर थोडी सूज दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय ठीक वाटला म्हणून त्याला फिरवून आणले, तर सूज पुन्हा हजर. पशुवैद्यकाने सोनोग्राफी केली. कंडरेला इजा सुरू झाली होती. घोडा मोडून पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी उभा राहिला असता, कदाचित पळालाही असता. पण मालक आणि ट्रेनर यांनी त्याच दिवशी त्याचे नाव मागे घेतले आणि त्याला शर्यतीतून कायमचे निवृत्त केले. बेलमाँटच्या दिवशी त्याला मैदानावर आणून, त्याच्या पाठीवरचे खोगीर सर्वांसमक्ष उतरवले. घोडा अवघा तीन वर्षांचा होता. पुढे तो पैदाशीसाठी जपानला गेला आणि २०१८ मध्ये परत अमेरिकेला आला.

ते मोठे लोक, त्यांना परवडते, असे तुम्ही म्हणाल. पैदाशीचे पैसे मिळणार होते म्हणून थांबले, असेही कोणी म्हणेल. असेल. सगळेच मालक असे नसतात, हेही खरे. वेदनाशामक इंजेक्शन देऊन दुखरा घोडा पळवण्याचे प्रकार त्या धंद्यात होत आले आहेत, म्हणून तर शर्यतीनंतर घोड्याचे रक्त आणि लघवी तपासतात. पण मला त्या एका दिवसाचे मोठे वाटते. डोळ्यांपुढे एवढे यश, घोडा उभा आहे, आणि माणूस म्हणतो, नाही. आमच्याकडे तर फक्त वरचे रान पेरायचे राहिले होते.

डागण्याविषयीही सांगतो. ही आपल्याच खेड्यातली अडाणी रीत आहे, असे समजू नका. साहेबांच्या देशातही शर्यतीच्या घोड्यांच्या कंडरा शेकडो वर्षे तापल्या लोखंडाने डागत असत. ब्रिस्टल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या प्रश्नाचा नीट प्रयोग करून अभ्यास केला आणि १९८३ मध्ये तो प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की डागल्याने कंडरा भरून यायला काहीही मदत होत नाही. जनावराला तेवढी जादा वेदना मात्र होते. मग लोकांना गुण का येत असे? डागलेली जखम बरी होईपर्यंत घोडा कामाला लावत नसत, म्हणून. गुण विश्रांतीचा, नाव डागाचे. हौशाला आम्ही डाग दिले आणि विश्रांती दिली नाही.

असो. घोडा निवृत्त झाल्यावर पुढे काय, हाही प्रश्नच असतो. घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो. चौथ्या वर्षी पाय गेला तर पुढची वीस वर्षे त्याला कोणी खाऊ घालायचे? थोडे नर आणि बऱ्याच घोड्या पैदाशीला जातात. काही घोडे सवारी शिकवणाऱ्या क्लबांत जातात. बाकीच्यांचे हाल हौशासारखेच. पण याच प्रश्नातून आपल्या महाराष्ट्रात एक मोठे काम उभे राहिले. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचे घोड्यांच्या पैदाशीचे फार्म आहे. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याला विष किंवा रोगाचे विषद्रव्य अगदी थोड्या मात्रेत टोचून त्याच्या रक्तात जो प्रतिकार तयार होतो, त्यापासून तिथे औषध बनवीत. हे आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर सरकारी दवाखान्यात जी लस देतात, तीही घोड्याच्याच रक्तातून आलेली असते. माझ्या धाकट्या चुलत्यांना कडबा काढताना फुरसे चावले, तेव्हा त्याच औषधाने ते वाचले. तेव्हा घोड्याशी आपला काही संबंध नाही, हे मी सुरुवातीला मान्य केले ते तितकेसे बरोबर नव्हते.

आता आपल्या गोठ्याकडे वळू. ट्रॅक्टर आले तरी बैल गेलेला नाही. शिवाय बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने राज्याचा कायदा कायम झाला. शर्यतीआधी बैल तपासून घेण्याचा नियम आहे. तो कागदापुरता ठेवू नका. घाटात पळणाऱ्या बैलाच्या पायावर जे येते, ते घोड्याच्या पायापेक्षा वेगळे नाही.

तुम्ही एवढे करा. बैल कामावरून आला की पुढच्या दोन्ही पायांवर, गुडघ्यापासून खुरापर्यंत, मागच्या बाजूने पालथा हात फिरवा. पालथ्या हाताला उष्णता लवकर कळते. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, शीर जाड लागली किंवा दाबल्यावर बैलाने पाय ओढला, तर तो लंगडत नसला तरी दुसऱ्या दिवशी जुंपू नका. पहिले दोन-तीन दिवस दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटे गार पाण्याची धार सोडा. ताज्या सुजेवर शेक नको, रगडणे नको, बिब्बा नको आणि डाग तर मुळीच नको. पशुवैद्यकांना बोलवा. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत. दुखणे थांबवणारे औषध त्यांच्याच हातून द्या. गिधाडे मरतात म्हणून जनावरांसाठी डायक्लोफेनॅकला २००६ पासून बंदी आहे, ते कोणी आणून दिले तरी घेऊ नका. आणि हे पक्के लक्षात ठेवा, की इंजेक्शनाने वेदना जाते, तंतू जुळत नाहीत. इंजेक्शन देऊन बैल जुंपणे म्हणजे तुटत आलेल्या दोराला रंग देऊन विहिरीत उतरण्यासारखे आहे.

सूज उतरल्यावर रोज थोडे हळू चालवा, सपाट जमिनीवर. कामाला कधी लावायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा. हिशेब आठवड्यांचा नसतो, महिन्यांचा असतो. तोवर सावड करा, पाहुण्यांचा बैल आणा, चार तास ट्रॅक्टर भाड्याने घ्या. ते पैसे जड वाटतात, मला माहीत आहे. पण बैल गेल्यावर नवी जोडी घ्यायला किती लागतात, ते बाजारात जाऊन एकदा विचारून या.

गेल्या साली खरिपाच्या तोंडाशी मी एका वस्तीवर बियाण्याची उगवणशक्ती तपासून दाखवायला गेलो होतो. काम झाल्यावर चहा घेताना यजमान म्हणाले, बैलाचा पाय मुरगळला होता, आता लंगडत नाही, उद्या पाभर धरतो. मी उठून गोठ्यात गेलो. तिथे त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी वैरण टाकत होती. मी तिला विचारले, "बाळ, हात लावून सांग, दोन्ही पाय सारखे लागतात का?" तिने हात लावला, बापाकडे पाहिले आणि गप्प राहिली. तिला उत्तर माहीत होते. ते आधीपासूनच माहीत होते. मी म्हणालो, "सांग, तुला कोणी रागावणार नाही."

"ह्यो गरम हाय," ती म्हणाली. "रोजच असतो."

तिच्या आईने चुलीपाशी बसल्या बसल्याच निकाल दिला, "मग दादाचा बैल आणू. पेरणी काय एका बैलानं अडती व्हय?" यजमान थोडे कुरकुरले, पण दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा बैल आला. त्यांचा बैल पुढे सहा महिने गोठ्यात राहिला. आता तो नांगराला जुंपत नाहीत, वैरणीची गाडी तेवढी ओढतो. पूर्वीसारखा तो झाला नाही आणि होणारही नाही. पण दावणीला आहे.

घरातल्या मुलांना हे वाचून दाखवा. जनावराची वैरण-पाणी बहुधा तीच करतात, आणि कोणता पाय गरम आहे हे मोठ्या माणसांच्या आधी त्यांना कळते. पण आपण त्यांना विचारतो, "लंगडतोय का?" आणि ती म्हणतात, "नाही." तसे विचारू नका. "पाय गरम आहे का?" असे विचारा, आणि जे उत्तर येईल त्याला रागावू नका.

आण्णा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. जुन्या घराच्या गोठ्यात हौशाचा कासरा अजून खुंटीला आहे. वाख पार सडला आहे, हात लावला तर तुटेल. वरून मात्र चांगला दिसतो.